मी उसवलेला गुलाब

कात्री माझ्याच हातात होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर चार ओळी पुढे गेल्यावर तुम्हाला वाटायचं, ही बाई आता कोणावर तरी ढकलणार. ढकलायला कोणी नव्हतंच. थैली मी उघडली, कापड मी काढलं, धागा मी कापला, आणि वरून ‘पाहा, किती सफाईनं निघाला’ म्हणून शेजारी बसलेलीला दाखवलाही मीच.

आता पहिल्यापासून सांगते.

मी अमरावतीला राहते. वय सत्तरीला टेकलं. भरतकाम मला कोणी शिकवलं नाही. लग्न होऊन अकोल्याहून इकडे आले तेव्हा शेजारच्या अंगणात दोरीवर उशांचे अभ्रे वाळत असायचे. त्यांच्यावर मोर असायचे, फुलं असायची, ‘गुड नाईट’ असायचं. मी दोरीखाली उभी राहून ते पुढून पाहायची, मागून पाहायची, आणि घरी येऊन जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर तसंच काहीतरी करायची. शेजारीण एकदा म्हणाली होती, काय वं, चोरून राहिली का अभ्रे? एका अर्थानं चोरतच होते की.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं असंच चाललं. मुलांची झबली, दिराच्या लग्नातले रुमाल, विहारातल्या बुद्धमूर्तीमागचा निळा पडदा आणि त्याच्या काठावरची पिंपळपानं, सगळं माझ्या हातचं. त्यामुळे सुनेनं जेव्हा सांगितलं, की आई, विहाराच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी बायका भरतकामाला जमतात, तुम्ही टीव्हीशी बोलत बसण्यापेक्षा तिकडे जात जा, तेव्हा मी म्हटलं, जाते की. शिकवते त्यांना चार गोष्टी.

तिथे जी मुख्य होती तिला सगळ्या मॅडम म्हणायच्या. शाळेत शिवणाच्या शिक्षिका होत्या, रिटायर झालेल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण मॅडमच. पहिल्या दिवशी मी माझा सगळ्यात चांगला रुमाल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मोर पाहिलाच नाही. रुमाल पालथा केला आणि मागची बाजू उजेडाकडे धरली. म्हणाल्या, "काकू, समोरून हा मोर आहे. मागून मांजरानं खाल्लेला मोर आहे."

सगळ्या हसल्या. मी सुद्धा हसले, आणि घरी येऊन बुधवारपर्यंत फुगून बसले. शनिवारी परत गेले. कारण मागची बाजूही नीट असू शकते, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे अभ्रे मागून पाहत होते, ते फक्त टाका कळावा म्हणून. स्वतःचं काम उलटून पाहावं असं कधी मनात आलं नाही.

मॅडमची शिकवायची एक रीत होती. नवा टाका त्या आधी करून दाखवायच्या नाहीत, आधी उसवायला लावायच्या. त्यांच्याकडे एका थैलीत जुनी भरलेली कापडं होती. फाटके टेबलक्लॉथ, विटलेले अभ्रे, कोणीतरी टाकायला काढलेले. त्यातलं कोणतंही घ्यायचं, कोणाला विचारायचं नाही. एक फूल निवडायचं आणि शेवटच्या टाक्यापासून पहिल्या टाक्यापर्यंत उलट जात जात उसवायचं. धागा फेकायचा नाही, कागदाच्या घडीला गुंडाळून ठेवायचा. सुई कुठून वर आली, कुठून खाली गेली, हे डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं असं त्यांचं म्हणणं. मग त्याच भोकांतून ते फूल परत भरायचं.

मला ही रीत फार मानवली. दोरीखाली उभी राहून मी जे करत होते त्याचंच हे पुढचं पाऊल. साखळी, काज, मासोळी, गाठीचा टाका, एकेक मी उसवत गेले आणि नव्यानं शिकत गेले. दोन वर्षांत माझा मोर मागूनही मोर दिसायला लागला. पण खरी पटाईत झाले ती उसवण्यात. इतकी, की बाकीच्या आपापली कापडं माझ्याकडे सरकवायच्या, काकू, एवढी सुरुवात करून द्या. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला सांगू.

गटात एक बाई होती, पंचावन्नच्या आसपासची. तिच्या सासरी भाजीपाल्याची शेती. दर शनिवारी येताना ती प्रत्येकीला कोथिंबिरीची एकेक जुडी आणायची. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, म्हणून तिचं नाव पडलं सांबारवाली. तिलाही ते आवडायचं. कमी बोलणारी. टाके मात्र तिचे घट्ट आणि जरा आडदांड, गवत खुरपावं तसे.

त्या शनिवारी गुलाब शिकायचा होता. बुलियनचा टाका. सुई अर्धी कापडात ठेवायची, तिच्या टोकाला धाग्याचे सात-आठ वेढे द्यायचे, वेढे अंगठ्यानं दाबून धरायचे आणि सुई अलगद ओढून घ्यायची. कापडावर एक गुबगुबीत अळी बसल्यासारखी दिसते. अशा अळ्या एकीला एक बिलगवून गोल बसवल्या की झाला गुलाब. आमच्या गटात त्याला अळीचा टाकाच म्हणायचे.

मी वेळेआधी पोचले होते. बाकावर थैली दिसली. अमरावतीतल्या एका मोठ्या साडीच्या दुकानाची लाल थैली, मॅडमची कापडं नेहमी त्याच थैलीत असायची. मी उघडली. आत एकच कापड. पांढऱ्या मांजरपाटाचा पलंगपोस, घडीवर पिवळा पडलेला, अर्धा भरलेला आणि अर्धा नुसत्या पेन्सिलीच्या खुणांचा. त्यावर नऊ गुलाब. अळीच्या टाक्याचे. मी मनात म्हटलं, वा, मॅडमनं आज बरोबर तेच आणलं. कोणीतरी कंटाळून अर्धवट सोडलेलं दिसतं.

नऊपैकी सगळ्यात सुबक होता तो निवडला. शिकायचं तर चांगल्याकडून शिकावं. मागून गाठ शोधली, कात्रीचं टोक घातलं, टच. मग एकेक अळी मोकळी करत गेले. धाग्याचा रंग पुढून फिका पडला होता, मागून मात्र आजच दुकानातून आणल्यासारखा गुलाबी. शेजारी येऊन बसलेलीला मी ते दाखवलं. पंधरा-वीस मिनिटांत कापडावर फक्त भोकांचं एक कडं उरलं, आणि माझ्या कागदाच्या घडीवर कुरळा धागा.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. त्यांच्या खांद्याला लाल थैली होती. तशीच, त्याच दुकानाची.

मी एकदा त्यांच्या खांद्याकडे पाहिलं, एकदा बाकाकडे. 

थैली बाकावर ठेवून जुड्या आणायला परत गेलेली सांबारवाली दाराशी चपला काढत होती. काखेत जुड्या. तिनं माझ्या मांडीवरचं कापड पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. जुड्या खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. जवळ आली, कापडाचा तो कोपरा उचलला आणि भोकांवरून बोट फिरवलं.

"हे कोनं काढलं?"

मी म्हटलं, "मी. मले वाटलं मॅडमची थैली हाय."

"नऊ होते," ती म्हणाली. आवाज चढला नाही की काही नाही. "आता आठ हायेत."

मग तिनं सांगितलं ते ऐकून मला वाटलं, त्या बाकाखाली जाऊन बसावं.

तिची थोरली बहीण अकोल्याला भावाकडे राहते. लग्न केलं नाही, भावाची मुलं तिनंच मोठी केली. मागच्या वर्षी तिला अर्धांगवायू झाला, एवढं आम्ही ऐकून होतो. उजवी बाजू गेली, हात गेला, वाचा गेली. हा पलंगपोस तिच्या हातचा. त्या हाताचं हेच शेवटचं काम. आजारपणानंतर ती सारखी कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे बोट दाखवायची. वहिनीनं ट्रंक उघडून पलंगपोस काढून दिला, तर तो घ्यायची, चाचपायची आणि रागारागानं भिरकावून द्यायची. परत दुसऱ्या दिवशी ट्रंकेकडे बोट. घरातल्यांनी अर्थ लावला, की हा पुरा व्हावा असं तिला वाटतं. म्हणून सांबारवाली तो अमरावतीला घेऊन आली होती. तो टाका शिकायचा, उरलेले गुलाब आपण भरायचे आणि ताईच्या पलंगावर अंथरायचा. दोन वर्षं ती आमच्याकडे जी येत होती, त्यातलं हे शेवटचं वर्ष निव्वळ त्या टाक्यासाठी येत होती. आणि आम्हाला कोणाला पत्ता नव्हता.

"तिनं डोळ्यानं पाह्यला पायजे, एवढंच होतं माहं," ती म्हणाली. कापडाची घडी केली आणि निघून गेली. जुड्या तिथेच राहिल्या. त्या दिवशी कोणी सांबार नेला नाही.

घरी येऊन मी जेवले नाही. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तुले आधीपासूनच खोड हाय. लोकायच्या दोरीवरचे अभ्रे सोडत नव्हती तू." मी ऐकून घेतलं.

मंगळवारी ऑटो करून तिच्या शेतावर गेले. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. बसा म्हणाली नाही, मी उभीच राहिले. म्हटलं, बाई, भोकं तशीच आहेत, धागा माझ्याकडे आहे. मला दे, मी होता तसा करून देते. तुझ्या ताईच्या हातचा होणार नाही, पण दिसेल तसाच. तिनं हातातली जुडी बांधून खाली ठेवली. घरात जाऊन थैली आणली.

"तुमीच उसवला, तुमीच भरा. मले त्याले हात लावू वाटत नाई."

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते मलाच माहीत. जुना धागा तीनदा तुटला. तेव्हा नवा आणला, तो चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला, म्हणजे जुन्याशी जुळेल. शेजारचे गुलाब भिंगातून पाहिले. वेढे मोजले, सगळीकडे आठ. मीही आठच घेतले. भोकं समोर होती, चुकायला जागा नव्हती. तरी अंगठा काही केल्या ऐकेना. प्रत्येक अळी बसताना जरा तिरपी व्हायची, जणू कापडच तिला ढकलतं आहे.

शुक्रवारी गुलाब पुरा झाला. मी पलंगपोस खुर्चीवर पसरला आणि लांबून पाहायला ह्यांना बोलावलं. ह्यांना भरतकामातलं ओ की ठो कळत नाही.

ते म्हणाले, "ह्या एकाचंच तोंड उलटं काहून?"

मी म्हटलं फुलाला कुठे तोंड असतं. पण पाहिलं, आणि पाहतच राहिले. त्या आठांच्या पाकळ्या एका बाजूनं फिरत होत्या, माझ्या गुलाबाच्या उलट्या बाजूनं. नुसत्या पाकळ्याच नाही, अळ्यांवरच्या वेढ्यांचा पीळही उलटा. मी तो रात्रीच उसवला. सकाळी परत भरला. परत तसाच. मी त्याला मुद्दाम उलट वळवायला गेले, तर सुई हातात आंधळ्यासारखी चाचपडायला लागली.

शनिवारी हॉलमध्ये गेले. सांबारवाली आली होती, भिंतीजवळ बसली होती, माझ्याकडे न पाहता. मी मॅडमपुढे कापड ठेवलं आणि म्हटलं, मला जमत नाही. हे गुलाब काही निराळ्याच रीतीनं केलेले आहेत.

मॅडमनं नेहमीसारखं कापड पालथं केलं. चष्मा काढून भिंग लावलं. आधी गुलाब पाहिले, मग देठ, मग पानांच्या कडेचा काजाचा टाका. धागा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते बोटानं धरून धरून पाहिलं. आम्ही सात-आठ जणी वाकून उभ्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

शेवटी त्यांनी सांबारवालीला विचारलं, "तुमची ताई डावखुरी आहे का हो?"

"नाई," ती म्हणाली. लगेच. जरा तोडूनच. "उजव्या हातानं जेवे, उजव्या हातानं लिहे. सगळं उजव्यानंच. लहानपनी होती डावरी, पन मायनं मोडली ते सवय. जेवताना डावा हात चिंधीनं बांधून ठेवे माय तिचा."

मॅडम म्हणाल्या, "एखादा टाका उलटा असता तर मी सवय म्हटली असती. हे देठ पाहा. आपला पीळ असा जातो, हिचा असा. काज आपण डावीकडून उजवीकडे करतो, हिनं प्रत्येक पान उजवीकडून सुरू केलं आहे. गाठी उलट्या, गुलाब उलटे. ह्या पलंगपोसात उजव्या हाताचा एकही टाका नाही."

सांबारवाली उठून जवळ आली. मॅडमनं भिंग तिच्या हातात दिलं. तिनं पाहिलं की नुसतं धरलं, मला माहीत नाही.

मी तिथे उभी होते आणि माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी चाललं होतं. मागे एकदा चहा पिताना तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, की ताई पंधरा दिवसांत डाव्या हातानं चमचा धरून जेवायला लागली, डॉक्टरसुद्धा म्हणाले, एवढी लवकर कोणाला सवय होत नाही. ते मला आठवलं, आणि मी हबकले.

"बाई," मी म्हटलं, "तुह्या ताईचा तो हात तर गेलाच नाही."

सांबारवाली खाली बसली. बाकावर नाही, फरशीवर. तिचा चेहरा असा झाला होता, जसं कोणी तिला घरच्या माणसाबद्दल काही भलतंच सांगितलं. म्हणाली, ट्रंकेत सुईदोऱ्याचा डबाही होता. पलंगपोसाच्या खाली. तो कोणी काढलाच नाही. वर्षभर ती डबा मागत होती आणि आम्ही तिला पलंगपोस देत होतो.

मग ती रडली. मॅडमसुद्धा. मला रडू आलं नाही, मी नुसती सुन्न.

रविवारी सकाळी आम्ही दोघी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला निघालो. तुम्हीही चला म्हणाली नाही, पण तिकिटं दोन काढली. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मग आपल्या आपणच बोलायला लागली. ताई भरायला बसायची ती भिंतीकडे तोंड करून. पाठ आमच्याकडे. कोणी जवळ गेलं की कापड मांडीखाली. म्हणायची, पुरं होईपर्यंत कोणाला दाखवू नये, नजर लागते. घरात सगळे तिला शिष्ट म्हणायचे. भाऊ तर म्हणायचा, हिचं भरतकाम म्हणजे बँकेचं लॉकर. एकाच घरात लग्न होईपर्यंत आम्ही एका अंथरुणात झोपलो काकू, आणि मला तिचा हात माहीत नाही, असं ती म्हणाली.

माझं माहेर अकोल्याचं, पण त्या दिवशी मला गाव दिसलंच नाही. ऑटोतून बाळापूर नाक्याकडे जाताना मी एकच पाठ करत होते, की त्या बाईच्या पाया पडायचं आणि सांगायचं, उसवला तो मी.

ताई पलंगावर उशांना टेकून बसली होती. पांढरे केस, नीट विंचरलेले. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जसा दुसऱ्या कोणाचा असावा. डोळे मात्र टक्क. वहिनीनं पाणी आणलं. मी कोण ते सांगितलं, काय केलं तेही सांगितलं. पाया पडायला वाकले तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि कापडाकडे बोट केलं. दाखव.

सांबारवालीनं पलंगपोस तिच्या मांडीवर पसरला. ताईनं एकेक गुलाब बोटानं मोजत नेला. माझ्या गुलाबाशी थांबली. माझ्याकडे पाहिलं. आणि तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला. अर्धा चेहरा हसत होता, अर्धा तसाच.

मग सांबारवालीनं ट्रंक उघडली. पलंगपोसाच्या जागेखाली हात घालून डबा काढला, बिस्किटांचा जुना डबा, गंजलेला. ती तो ताईच्या डाव्या हाताशी घेऊन गेली.

ताईनं आधी दाराकडे पाहिलं. साठ वर्षांची बाई, आई जाऊन तिला वीस वर्षं झाली, आणि डब्याला हात लावायच्या आधी तिनं दाराकडे पाहिलं. तिथे वहिनी उभी होती, ती बिचारी गोंधळून बाजूला झाली.

डबा उघडून तिनं आपलं आपण सगळं काढलं. लाकडी कडं, कात्री, गुलाबी धागा. धागा ओवायला तेवढा सांबारवालीकडे दिला. कडं मला दिलं, मी कापड त्यात ताणून धरलं. आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या गुलाबाची गाठ शोधली, कात्रीचं टोक घातलं, टच. वहिनीच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. मी कडं धरून बसले होते. आठवडाभराचं माझं काम माझ्याच हातात धरून ठेवलेल्या कड्यात अळी अळी करून निघत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी नुसती त्या हाताकडे पाहत होते. असा हात मी पाहिला नव्हता. वर्षभर सुई धरली नव्हती त्यानं, थरथरत होता, पण कुठे जायचं ते त्याला ठाऊक होतं. जिथे माझी सुई चाचपडत होती तिथे तो सरळ आत शिरत होता.

भोकांचं कडं मोकळं झालं. तिनं सुई घातली, वेढे घ्यायला लागली. एक, दोन, तीन. पाचव्याला सगळे सुटले. परत घेतले. परत सुटले. एका हाताचं ते कामच नाही, वेढे दाबायला दुसरा अंगठा लागतो. ती थांबली. उजव्या हाताकडे तिनं असं पाहिलं, की मी मान फिरवली.

तेव्हा सांबारवालीनं माझ्याकडून कडं मागून घेतलं. ताईच्या उजव्या बाजूला पलंगावर चढून बसली, कडं आपल्या गुडघ्याला टेकवून धरलं आणि आपला अंगठा वेढ्यांवर ठेवला. जिथे ताईचा असता तिथे. दोघी बहिणी खांद्याला खांदा लावून, एकीचा हात आणि दुसरीचा अंगठा. सुई ओढली. अळी बसली. जरा सैल, पण बसली, आणि बरोबर बाजूनं वळली.

वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती.

दुसऱ्या अळीचे वेढे चालू असताना सांबारवाली अचानक बोलली. खाली कापडाकडे पाहतच.

"ताई, मायले मीच सांगे नं? तू डाव्या हातानं जेवून राहिली म्हनून. मीच ओरडे नं सैपाकखोलीत जाऊन?"

मला वाटलं, आता ताई मान हलवून नाही म्हणेल. लहान होती तू, असं काहीतरी डोळ्यांनी सांगेल. अशा वेळी माणसं तसंच करतात. मीही तेच केलं असतं.

ताईनं सुई थांबवली. बहिणीकडे नीट वळून पाहिलं. आणि मान खाली-वर केली. हो. तूच.

सांबारवालीचा अंगठा वेढ्यांवरून सुटला. धागा मोकळा झाला. मला वाटलं, संपलं, आता ही उठून जाणार, किंवा ती डबा भिरकावणार, जसा पलंगपोस भिरकावायची.

ताईनं सुटलेला धागा सुईनं सरळ केला. सुईचं टोक कड्यावर दोनदा वाजवलं, जशी मास्तरीण पट्टी वाजवते. सांबारवालीनं नाक पुसलं आणि अंगठा परत ठेवला. ताईनं तो सुईच्या मागच्या टोकानं थोडा डावीकडे सरकवला, पाहिजे तिथे, आणि पहिल्यापासून वेढे घ्यायला लागली.